मेस्त्री आणि उमेदवार : कोल्हापूरच्या कारागिरीचा एक मागोवा

'मेस्त्री' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या 'मेस्त्रे' या शब्दाचे मूळ लॅटिन 'मॅजिस्टर'मध्ये आहे, आणि त्याचा अर्थ गुरू. 'चावी', 'पाद्री' आणि 'पगार' हे शब्दही याच गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले. 'उमेदवार' मात्र फारसीतून आला. ज्याच्या ठायी उमेद आहे तो उमेदवार. आज उमेदवार म्हटले की हात जोडून दारात उभी राहिलेली, मत मागणारी मूर्ती डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्या आजोबांच्या पिढीत 'पोरगा अमक्याकडे उमेदवारी करतो' असे कुणी म्हणाले, तर तो कुणा जाणत्याच्या हाताखाली राहून काम शिकतो आहे, एवढाच त्याचा अर्थ होत असे. पगार नाममात्र, बहुधा नाहीच; आशा मात्र भरपूर.

या दोन शब्दांकडे आमचे लक्ष वेधले ते एका घरगुती अडचणीमुळे. आमच्या परिचयातील एका कुटुंबातील मुलाने बारावीनंतर कॉलेजात जाण्यास नकार दिला. त्याला लेथवर काम शिकायचे होते. वडील कोल्हापुरातील चार-पाच वर्कशॉपांत फिरले आणि रिकाम्या हाताने परतले. सर्व ठिकाणी उत्तर एकच मिळाले : "शिकवायचं आम्ही आणि न्यायचं दुसऱ्यानं! वर्षभर पोरगं माल बिघडवणार, हात बसला की शेजारच्या गल्लीत पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून जाणार." हे उत्तर ऐकून वडील खट्टू झाले. आम्हालाही वाईट वाटले. परंतु ते खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. या तक्रारीचे वय काय असावे, आणि कोल्हापूरने पूर्वी तिला कोणते उत्तर दिले, याचा शोध घ्यावा असे तेव्हापासून मनात होते. हा लेख त्याच शोधातून उतरला आहे.

जुन्या गावगाड्यात हा प्रश्नच नव्हता. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा मुलगा लोहार. मेस्त्री आणि उमेदवार एकाच ताटात जेवत. शिष्य पळून जाण्याची भीती नव्हती, कारण त्याला जायला दुसरी जागाच नव्हती. या निश्चिंतपणाची किंमत मात्र फार मोठी होती. ज्याचा जन्म त्या घरात झाला नाही, त्याच्या हातात कितीही कसब असले तरी त्याला पटाशी मिळत नसे. आणि ज्याचा जन्म त्या घरात झाला, त्याला ती खाली ठेवता येत नसे.

कोल्हापुरात ही गाठ सैल करण्याचे मोठे श्रेय राजर्षी शाहू छत्रपतींना द्यावे लागते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. पुढच्याच वर्षी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरीची पेठ वसली आणि १९०६ साली कापडगिरणीची कोनशिला बसली. १९०२ च्या प्रसिद्ध जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले, आणि १९१८ च्या सुमारास बलुतेदारी व महार वतने मोडीत निघाली. धंदा जन्मावरून ठरण्याचे दिवस निदान कायद्यापुरते तरी संपले. महाराजांनी निरनिराळ्या समाजांसाठी उभारलेल्या वसतिगृहांची यादी वाचताना आमची नजर दोन-तीन नावांवर थबकली. शिंप्यांच्या मुलांसाठी नामदेव बोर्डिंग, सोनारांसाठी दैवज्ञ बोर्डिंग, आणि आपल्या समाजासाठी इंडियन ख्रिश्चन होस्टेल. कारागिरांची मुले शिकू लागली ती या छपरांखाली. तेथून बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळांनी वडिलांचे हत्यार पुन्हा हातात घेतले नाही, हेही खरे. शिक्षणाने दार उघडले की माणसे दोन्ही दिशांनी जातात.

तथापि कोल्हापुरातील उमेदवारीची सर्वांत मनोवेधक कथा घडली ती शाळेतही नव्हे आणि कारखान्यातही नव्हे. ती घडली नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांच्या एका वर्कशॉपात.

आनंदराव आणि बाबूराव हे चुलतभाऊ. आडनाव मेस्त्री. संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्यांची एवढी ख्याती झाली की लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले आणि जुने आडनाव मागे पडले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. कॅमेरा विलायतेहून आणण्याइतका पैसा जवळ नव्हता. मग तो स्वतःच बनवायचे ठरले. हे वाचायला सोपे वाटते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेत. प्रत्येक चित्रासाठी फिल्म पुढे सरकली पाहिजे, क्षणभर अगदी निश्चल थांबली पाहिजे, तेवढ्यातच झडप उघडून मिटली पाहिजे, आणि पुन्हा फिल्म सरकली पाहिजे. दातेरी चाकांत केसाएवढी चूक झाली तरी पडद्यावरचा माणूस थरथरू लागतो. १९१६ साली आनंदराव वारले आणि काम अपुरे राहिले. बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून ते नेटाने पुढे नेले, आणि १९१८ साली कोल्हापुरात बनलेला कॅमेरा सुरू झाला. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० साली 'सैरंध्री' हा तिचा चित्रपट लोकांसमोर आला.

या कंपनीत कुणाचाही अभ्यासक्रम ठरलेला नव्हता. दामले आणि कागलचे फत्तेलाल पडद्यांच्या रंगातून आले. १९२० च्या सुमारास एक तरुण आला, त्याने हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटरचे काम केले होते आणि एका तंबूवजा चित्रपटगृहात पडेल ती कामे केली होती. त्याचे नाव शांताराम वणकुद्रे. येथेही सुरुवातीस त्याच्या वाट्याला पडेल तेच काम आले. सामान वाहणे, झाडलोट, रसायनांची भांडी धुणे, मग फिल्म धुणे, मग कापणे-जोडणे, मग अभिनय, मग दिग्दर्शन. ज्याला आज आपण चित्रपटाचे शिक्षण म्हणतो, ते या मंडळींनी झाडूच्या टोकापासून सुरू करून घेतले.

आणि मग तेच घडले, ज्याची भीती आजच्या वर्कशॉपवाल्याला वाटते. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर या चौघांनी सीताराम कुलकर्णी यांना बरोबर घेऊन कोल्हापुरातच 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन केली. शिकलेले शिष्य शेजारच्या गल्लीत गेले! महाराष्ट्र फिल्म कंपनीला तो आघात सोसला नाही आणि थोड्याच वर्षांत तिचा अस्त झाला. १९३३ साली प्रभातही कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो जगातील उत्तम चित्रपटांत गणला गेला. पडदे रंगवणाऱ्यांच्या हाताखाली ज्यांनी आरंभ केला, त्यांची ही मजल.

बाबूरावांचे यात नुकसान झाले का? झाले, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. गुरूच्या त्यागाचे गोडवे गाऊन त्याचा तोटा झाकण्याची आपल्याकडे एक सवय आहे. आम्हाला ती मान्य नाही. बाबूराव पुढेही ब्रश आणि माती यांच्याशी एकनिष्ठ राहिले.  परंतु शिकवण्याचा खर्च एकाने सोसावा आणि फळ सर्वांनी खावे, हा व्यवहार तेव्हाही अपुरा होता आणि आजही आहे. या हिशेबात शहराची बाजू मात्र जमेची ठरली. एका वर्कशॉपातून दुसरे निघाले, दुसऱ्यातून तिसरे. आणि कोल्हापूर ही काही काळ मराठी चित्रपटाची राजधानी झाली.

लोखंडाच्या बाबतीत हीच कथा अधिक मोठ्या प्रमाणावर आणि अधिक मुकाट्याने घडली.

या परिसरात लोखंडाला मागणी आली ती उसामुळे. पंचगंगेचे पाणी वर चढवायला इंजिन हवे, ऊस गाळायला चरक हवा, आणि दोन्ही ऐन हंगामात मोडणार हे ठरलेले. किर्लोस्करवाडी येथून फार दूर नाही. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ती वसवली, आणि शाळेतून अर्ध्यावर बाहेर पडलेले शंभूअण्णा जांभेकर तेथे नामांकित यंत्रज्ञ झाले. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले तेव्हा शाहू महाराजांनी नांगरांसाठी जुन्या तोफा देऊ केल्या, ही हकीकत कोल्हापुरात अजून सांगितली जाते. परंतु मोडलेले इंजिन घेऊन शेतकरी दर वेळी कारखान्याकडे जात नाही. तो जवळच्या मेस्त्रीकडे जातो. 'यंत्रमहर्षी' म्हणून ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते ते म्हादबा मेस्त्री, किंवा ज्यांचे नाव एका औद्योगिक वसाहतीलाच मिळाले आहे ते वाय. पी. पोवार, ही माणसे याच परंपरेतील. आधी दुरुस्ती, मग मोडलेल्या भागासारखा नवा भाग, मग सगळे भाग मिळून संपूर्ण इंजिन, अशा पायऱ्यांनी शिवाजी उद्यमनगरातील पत्र्याच्या शेडी वाढल्या. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत कोल्हापूरचे ऑईल इंजिन दूरवरच्या शेतांवर धडधडू लागले. पुढे विजेचे पंप आले, इंजिनांची मागणी घटली, आणि याच ओतशाळा मोटारींचे व पंपांचे भाग ओतू लागल्या. उद्यमनगर अपुरे पडले म्हणून शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे वसाहती झाल्या, नंतर कागल-हातकणंगले. आज कोल्हापूर परिसरातील ओतशाळांची संख्या तीनशेच्या घरात सांगितली जाते.

या शेडींत नेमके काय शिकवले जात होते, हे थोडे पाहिले पाहिजे. कारण पुस्तकात न मावणारे ते हेच. बिडाचा रस थिजताना आणि थंड होताना साधारण शेकडा एक आकसतो. म्हणून लाकडी पॅटर्न मूळ भागापेक्षा तेवढाच मोठा करावा लागतो, आणि पॅटर्न करणाऱ्याची मोजपट्टीच वेगळी असते. साच्याची रेती किती ओली असावी? मोल्डर मुठीत रेती दाबतो आणि तो गोळा मधोमध मोडून पाहतो. कडा स्वच्छ तुटली तर रेती बरी. ढेकूळ फुटले तर कोरडी, बोटांना चिकटली तर ओली. आणि ओल्या रेतीत रस पडला की वाफ कोंडून ओतकामात छिद्रे राहतात. रस ओतण्याजोगा झाला हे जुना मेस्त्री त्याच्या रंगावरून सांगे. ओतीव भाग गार झाल्यावर त्यावर हातोडीचा हलका ठोका मारून नाद ऐके. चीर असेल तर आवाज बद्द येतो, देवळाच्या फुटक्या घंटेसारखा. आता कोकच्या भट्टीच्या जागी विजेची भट्टी आली आहे, तपमान यंत्र दाखवते आणि रेतीतील ओल प्रयोगशाळेत मोजतात. तरीही यंत्राचा आकडा आणि मुठीतला गोळा यांत तफावत पडली, तर कोणते खोटे हे सांगायला कुणीतरी लागतोच. ते ज्ञान उमेदवाराला कुणी व्याख्यान देऊन देत नसे. तो चहा आणी, हत्यारे पुसे आणि पाहत राही. त्यातील चलाख मुलगा दोन-तीन वर्षांत मोल्डर किंवा टर्नर होई, आणि त्यातीलही धाडसी एखादा कर्ज काढून स्वतःचे जुने लेथ विकत घेई. उद्यमनगर असे वाढले. शिष्य निघून गेले म्हणून ते वाढले, असे आम्ही म्हणतो; सगळेच पहिल्या मेस्त्रीपाशी राहिले असते तर तेथे एक मोठी शेड असती, नगर नसते.

परंतु ही मेस्त्रीची बाजू झाली. मुलाची बाजू कोण मांडणार? चहा आणण्यातच ज्याची दोन वर्षे गेली, ज्याचे बोट पट्ट्यात सापडले, ज्याला शिवीखेरीज काही शिकवले गेले नाही, त्याचे नाव कुठल्याही इतिहासात सापडत नाही. तोंडी कराराचा हा दोष आहे की तो बलवानाच्या स्मरणात राहतो.

येथे कोल्हापूर सोडून आपल्याला थोडे दूर, इटलीतील तुरिन शहरात गेले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खेड्यांतून आलेली पोरकी मुले तेथे गवंड्यांच्या आणि सुतारांच्या हाताखाली राबत होती. संत जॉन बॉस्को तेव्हा तरुण धर्मगुरू होते. त्यांनी या मुलांना प्रार्थना शिकवली हे आपण जाणतोच; त्यांनी त्यांच्यासाठी करारनामे लिहून घेतले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. ८ फेब्रुवारी १८५२ चा असा एक करार जपून ठेवलेला आहे. जुझेप्पे ओदास्सो नावाचा मुलगा, बेर्तोलिनो नावाचा सुतार, मुदत दोन वर्षे. मेस्त्रीने धंदा शिकवावा. मुलाला धंद्याखेरीज दुसऱ्या कामाला जुंपू नये. चुकल्यास शब्दांनी समजवावे, हात उगारू नये. सणाचे दिवस मोकळे सोडावेत, वर्षाला पंधरा दिवस सुट्टी द्यावी, आणि मजुरी टप्प्याटप्प्याने वाढवावी. मुलाच्या बाजूने वडील आहेतच, शिवाय त्याच्या वर्तनाची हमी द्यायला डॉन बॉस्को स्वतः उभे आहेत. म्हणजे मेस्त्रीलाही कुणीतरी जामीन मिळाला. १८५३ पासून डॉन बॉस्कोंनी स्वतःच्या आवारातच चांभारकाम व शिवणकामाच्या शाळा काढल्या, पुढे बुकबाइंडिंग, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम आले. परंतु आम्हाला त्या शाळांपेक्षा हा साधा कागद मोलाचा वाटतो.

योगायोग असा की हिंदुस्थानातही नेमक्या याच सुमारास, १८५० साली, ब्रिटिशांनी उमेदवारांसंबंधी पहिला कायदा केला. तोही मुख्यतः अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या मुलांसाठी. तो कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकात पडून राहिला. स्वतंत्र भारताने १९६१ साली तो रद्द करून नवा शिकाऊ उमेदवार कायदा केला. करार लेखी असावा, त्याची नोंद व्हावी, विद्यावेतन मिळावे, शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळावे. डॉन बॉस्कोंच्या कागदात असलेले बरेचसे त्यात आले. परंतु हा कायदा मोठ्या कारखान्याचे माप घेऊन शिवलेला होता. उद्यमनगरातील सहा माणसांच्या शेडीला तो ढगळ झाला. नियम मोडल्यास तुरुंगवासाची तरतूद होती, ती २०१४ च्या दुरुस्तीने गेली. २०१६ साली विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना पंधराशे रुपयांपर्यंत, केंद्र सरकारने उचलण्याची योजना आली. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक केले आणि चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक ठेवले. याच नियमांनी विद्यावेतन शिक्षणानुसार किमान पाच ते नऊ हजार रुपये ठरवले.

'ऐच्छिक' या एका शब्दात आमच्या परिचितांच्या मुलाचे सगळे भवितव्य अडकले होते. छोट्या मेस्त्रीला घेता येते, परंतु त्याने का घ्यावे? कागद कोण भरणार? पोरगा मध्येच पळाला तर? या प्रश्नांची उत्तरे एकट्या मेस्त्रीकडे मागणे अन्यायाचे आहे. शिकवण्याचा तोटा गल्लीने वाटून घेतला तरच तो सोसतो. आणि मुलाची हमी देणारा कुणी तरी पुढे यावा लागतो. आपल्या धर्मग्रामांत परिचारिका होणाऱ्या मुलींसाठी आणि आखातात जाणाऱ्या मुलांसाठी आपण शिफारसपत्रे लिहितो, वेळप्रसंगी वर्गणीही काढतो. लेथ शिकू इच्छिणाऱ्यासाठी आपण आजवर किती पत्रे लिहिली? ज्याच्या नावाने १९५५ पासून १ मेचा सण आपण पाळतो तो योसेफ सुतार होता, आणि मार्कच्या शुभवर्तमानात नाझरेथचे लोक त्याच्या घरी वाढलेल्या प्रभूलाही सुतार म्हणूनच ओळखतात. घरच्या वर्कशॉपातील उमेदवारी प्रभूलाही चुकली नसावी.

ओतशाळांत आज मराठी मुले कमी आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली अधिक दिसतात. ती मेहनती आहेत, आणि त्यांनाही शिकवणारा हवाच आहे. त्यांच्याविषयी तक्रार करणारे आम्ही नव्हे. आम्हाला खटकते ते इतकेच की ज्यांच्या मुठीला रेतीची ओल कळते ते मेस्त्री आता साठीपलीकडे गेले आहेत, आणि त्यांच्या शेजारी पाहत उभे राहणारे कुणी नाही.

त्या मुलाला घेऊन आम्ही पुन्हा एकदा उद्यमनगरात गेलो. या वेळी वडिलांबरोबर आम्ही तिघे होतो आणि हातात धर्मगुरूंचे पत्र होते. ज्यांच्याकडे गेलो त्या मेस्त्रींनी स्वतः चौदाव्या वर्षी कागदाशिवाय उमेदवारी केली होती. त्यांनी पत्र वाचले नाही, चष्मा नव्हता. आम्हीच वाचून दाखवले. मुलाने सहा महिन्यांत काम सोडले तर वाया गेलेल्या मालाचे आम्ही पाहू, असे त्यात लिहिले होते. मेस्त्री हसले. शेडीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने बरीच नावे लिहिलेली होती, काही पुसट झालेली. "ही सगळी माझ्याकडनं शिकून गेलेली," ते म्हणाले. "ह्यातल्या नऊ जणांची स्वतःची शेड हाय. दोघं मला काम देत्यात." मग मुलाचे तळहात उलटसुलट पाहून त्यांनी विचारले, "वय किती?" अठरा पुरी झाल्याचे सांगितले.

"सोमवारी धाडा. पैल्यांदा झाडू, मग हत्यारं, मग लेथ. आणि त्यो सरकारी कागद असतोय न्हवं, त्योबी भरून आणा. माझं शिक्षण चौथी, मला भरता यायचा न्हाई. सही मी करतो."